अर्जातला ‘मी’

१

दलित आत्मकथनांवर आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ साली, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली. हे वाङ्मय की समाजशास्त्राचा कच्चा माल, असा वाद प्रस्थापित समीक्षेने बरीच वर्षे घातला. आपल्या समीक्षकांनी त्याला उत्तरे दिली. तो वाद आता जुना झाला आणि ही पुस्तके विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात जाऊन बसली. परंतु आपली मुले-मुली दरवर्षी आणखी एका प्रकारचे आत्मकथन लिहीत असतात आणि त्याकडे आपल्यापैकी कुणाचेच लक्ष गेलेले नाही. ते छापले जात नाही, त्याला वाचक दोन-चारच असतात, आणि निकाल लागला की ते फायलीत पडून राहते. मी म्हणतो आहे ते परदेश शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत जोडावे लागणारे निवेदन. इंग्रजीत त्याला स्टेटमेंट ऑफ पर्पज म्हणतात. मी त्याला हेतुपत्र म्हणतो.

मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. इंग्रजी बऱ्यापैकी लिहिता येते एवढ्या कारणाने गेल्या काही वर्षांत अशी पन्नासेक हेतुपत्रे माझ्या हातून गेली. कुणाची दुरुस्त केली, कुणाची मराठीतून इंग्रजीत आणली, कुणाची नुसती वाचून परत दिली. लिहिणारे सगळे आपले. कुणाचा बाप गवंडी, कुणाची आई धुणीभांडी करणारी, कुणाचे घर सहा महिने ऊसतोडीला जाणारे. सुरुवातीला मी हे सगळे मदत म्हणून केले. मग एका प्रसंगाने माझे डोळे उघडले. तो प्रसंग पुढे येईलच. त्या प्रसंगानंतर मी ही हेतुपत्रे वाङ्मय म्हणून पुन्हा वाचली. त्या वाचनातून जे हाती लागले ते या लेखात मांडतो आहे.

२

हेतुपत्राचा साचा ठरलेला असतो. सुरुवातीला गरिबी येते, पण ती एका परिच्छेदापुरती. तिला नाव-गाव नसते. मग जिद्द येते. मग गुणवत्ता. गुणवत्तेचे पुरावे टक्क्यांत. मग परदेशातल्या त्या विशिष्ट विद्यापीठाची, तिथल्या विशिष्ट प्राध्यापकांची स्तुती. शेवटी परत येऊन देशाची सेवा करण्याचे वचन. या साच्यात अर्जदाराने दुःख दाखवायचे असते, पण दुःख देणारा दाखवायचा नसतो. आई काबाडकष्ट करते असे लिहिता येते. ती ज्याच्या वाड्यावर करते तो वाडा कुणाचा, हे लिहिले की हेतुपत्र ‘कडवट’ होते. ‘कडवट’ हा शब्द माझाच आहे. मुलांच्या मसुद्यांच्या समासात मी तो अनेकदा लिहिला आहे.

एका मुलाने लिहिले होते की सातवीत असताना शाळेच्या माठातले पाणी त्याने स्वतः काढून घेतले म्हणून गुरुजींनी माठ फोडला. मी त्यावर खूण केली आणि ‘सामाजिक अडचणींना तोंड देत’ असे सुचवले. वाक्य सुरेख झाले. माठ गेला, गुरुजी गेले, फुटलेल्या खापरांचा आवाजही गेला. उरल्या त्या अडचणी, आणि त्याही जणू पावसापाण्यासारख्या आभाळातून पडलेल्या.

आपल्या आत्मकथनांनी मराठी गद्यात जे घडवले त्याच्या नेमके उलटे हे आहे. आत्मकथनाने कर्त्याला वाक्यात परत आणले. कुणी मारले, कुणी वाळीत टाकले, कुणी भाकरी लांबून टाकली, हे सांगितले. ‘अस्पृश्यता पाळली जाई’ अशी कर्मणी रचना मराठीत फार दिवस चालत आली होती, तिला ‘कोण पाळी?’ हा प्रश्न या लेखनाने विचारला. हेतुपत्र त्या कर्त्याला पुन्हा बाहेर काढते. हा केवळ शैलीचा प्रश्न नाही. कर्ता गेला की अन्यायाची जबाबदारीही जाते आणि उरलेल्या लेखनातून एक होतकरू, कृतज्ञ, निरुपद्रवी तरुण समोर येतो. निवड समितीला तो आवडत असावा, असे आम्ही धरून चालतो.

३

‘बलुतं’च्या रचनेतली एक गोष्ट इथे आठवते. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवाराला सांगतो. एकाच माणसातले हे दोन आहेत. एक गावकुसाबाहेरचा, दुसरा शहरात येऊन लिहिता झालेला. दुसऱ्याला पहिल्याची लाज वाटते आणि त्या लाजेचीही लाज वाटते. हा ताण त्या पुस्तकाचा प्राण आहे.

शिष्यवृत्तीच्या अर्जालाही हे दोघे लागतात, पण वेगवेगळ्या पाकिटांत. दगडू जातीच्या दाखल्यात असतो, जातपडताळणीच्या प्रमाणपत्रात असतो, तहसिलीतून आणलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यात असतो. तिथे जात ठसठशीत हवी, शिक्क्यासह हवी, आजोबा-पणजोबांच्या शाळेतल्या नोंदीसह हवी. दया पवार हेतुपत्रात असतो. तिथे जात दिसली तरी हळू आवाजात दिसावी. दोघांची गाठ पडणार नाही अशी व्यवस्था असते. ज्या ताणातून मराठीत एक मोठे पुस्तक निर्माण झाले तो ताण टाचणी लावून दोन जोडपत्रांत विभागला जातो.

दाखल्यांच्या या बाजूलाही आपल्या साहित्यात पूर्वज आहेत. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) बापाचे नाव आणि जात हाच प्रश्न आहे. पाटलाच्या पोटी आणि महारणीच्या कुशीत जन्मलेल्या मुलाने कागदावर काय लिहायचे? कागदाला एक नाव हवे असते, आणि ते नाव देण्याचा अधिकार त्याच गावाच्या हातात असतो ज्याने ते नाव नाकारले. कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’मध्ये (१९८१) उलटा अनुभव आहे. संस्कृतची पदवी, गुणवत्ता, सगळे हाती असूनही माहेरच्या आडनावाला नोकरी मिळेना. आंतरजातीय लग्नानंतर आडनाव बदलले आणि मग ती मिळाली. गुणवत्ता तीच होती, रकान्यातले आडनाव बदलले होते. अर्जाचा प्रत्येक रकाना निष्पाप असतो असे मानणाऱ्यांनी हे पुस्तक पुन्हा वाचावे.

मी स्वतः एका विद्यार्थिनीबरोबर एका कार्यालयात गेलो होतो. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. टेबलामागच्या माणसाने अर्ज वाचला, चष्मा वर केला आणि विचारले, “इंग्लंडला जायचंय? मग गरिबीचा दाखला कशाला मागता?” त्यात कुचेष्टा होती असेही मी म्हणणार नाही. त्याला खरोखरच दोन गोष्टींचा मेळ बसत नव्हता. गरीब माणूस विलायतेला जात नाही आणि विलायतेला जाणारा गरीब नसतो, हे त्याच्या अनुभवाचे शहाणपण होते. दाखला चौथ्या खेपेला मिळाला. पुढे बंधपत्राला जामीनदार हवे झाले. जमीन असलेला, पगार असलेला माणूस हवा. तिच्या नात्यात पगारदार एकच होता, तोही कंत्राटी. शेवटी मी सही केली. सही करताना माझा हात थोडा थबकला, हेही इथे सांगून टाकतो.

४

बंधपत्राची गोष्ट निघाली की बडोद्याकडे जावेच लागते. १९१३ च्या जूनमध्ये भीमराव आंबेडकर या तरुणाने बडोदा संस्थानाशी करार केला. सयाजीराव गायकवाड महाराजांनी दिलेली शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची होती आणि तीन वर्षांची होती. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानात नोकरी करायची, ही अट होती. त्याच वर्षी जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ साली एम. ए. झाले. १९१६ साली लंडनला गेले, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अभ्यास अर्धवट टाकून १९१७ साली परतले. सामान दुसऱ्या बोटीने येत होते. ती बोट महायुद्धात बुडाली आणि त्यांची पुस्तके गेली. मग कराराप्रमाणे ते बडोद्याला रुजू झाले.

पुढचे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे त्यांचे छोटे आत्मकथनपर लेखन त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली छापले. पुढे कोलंबियातही ते अभ्यासाला लावले गेले. त्यात बडोद्याची हकीकत आहे. शहरात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव धारण करून राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात आला. शहरातल्या दोन परिचितांकडे त्यांनी आसरा मागितला. एक हिंदू होता. त्याला आपले नोकर निघून जातील याची भीती होती. दुसरा मूळचा ब्राह्मण, ख्रिस्ती झालेला. त्याने बायकोवर विषय ढकलला. रात्रीच्या गाडीने मुंबईला निघेपर्यंतचे तास बाबासाहेबांनी एका सार्वजनिक बागेत काढले.

हेतुपत्राच्या संदर्भात हे लेखन फार महत्त्वाचे आहे, असे मला वाटते. ज्या माणसाजवळ जगातल्या कुठल्याही अर्जदाराला हेवा वाटावा असा पदव्यांचा संच होता, त्याने आपल्याविषयी लिहायला घेतले तेव्हा त्या पदव्यांना चार ओळीसुद्धा दिल्या नाहीत. कोलंबियाचे वर्णन नाही, प्राध्यापकांची स्तुती नाही, जिद्दीची कथा नाही. लहानपणीचा बैलगाडीचा प्रवास आहे, ज्यात तहानलेल्या मुलांना पाणी मिळत नाही. बडोदा आहे. १९२९ सालचे चाळीसगाव आहे. तिथे टांगेवाले त्यांना नेण्यास तयार होत नाहीत म्हणून गाडी हाकण्याची सवय नसलेला आपला माणूस टांगा हाकतो आणि अपघात होतो. तोवर ते बॅरिस्टर झाले होते. दौलताबादच्या किल्ल्यातले पाणी आहे. एकूण सहा प्रकरणे आहेत. त्यांतली काही त्यांच्या स्वतःची नाहीतच, इतर अस्पृश्यांवर गुदरलेले प्रसंग त्यांनी आपल्या प्रसंगांच्या रांगेत बसवले आहेत. हेतुपत्र ‘मी इतरांहून वेगळा कसा’ हे सिद्ध करायला सांगते. या लेखनातला मी इतरांसारखाच आहे आणि पदव्यांनी तो वेगळा झाला नाही, हेच त्याला सांगायचे आहे. शिष्यवृत्ती मिळालेल्या आपल्या सर्वात मोठ्या माणसाने लिहिलेले हे हेतुपत्राचे प्रत्युत्तर आहे.

बडोद्याचा करार आणि आजचे बंधपत्र यांत मला एक साम्य दिसते. दोन्हींत परत येऊन सेवा करण्याचे वचन विद्यार्थ्याकडून घेतले जाते. परत आलेल्याला राहायला खोली मिळेल, असे वचन मात्र कुणी देत नाही. करार एकतर्फी असतो. सयाजीरावांचा हेतू उदार होता, याबद्दल मला शंका नाही. पण राजाच्या उदारपणाला धर्मशाळेचे दार उघडता आले नाही.

५

स्वातंत्र्यानंतर ही जबाबदारी सरकारने घेतली. राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती योजना १९५४-५५ पासून आहे. २०२२-२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तिच्या जागा १२५ होत्या. त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींसाठी, सहा विमुक्त-भटक्या जमातींसाठी आणि चार भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी. तीस टक्के जागा मुलींसाठी. वय पस्तिशीच्या आत, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत, किमान साठ टक्के गुण, आणि प्रवेश जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या पाचशे संस्थांपैकी एकीत. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती वेगळी आहे. तिच्या जागा ७५. शाहू महाराजांचे नाव तिला शोभते. १९२० साली बाबासाहेब अपुरा अभ्यास पुरा करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले तेव्हा स्वतःची शिल्लक आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या जोडीला शाहू महाराजांची मदत होती.

कोट्यवधींच्या समाजाला ११५ जागा, हा हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा. आणि या जागासुद्धा निर्धोक नाहीत. २०२५ च्या जुलैमध्ये केंद्राच्या योजनेत १०६ उमेदवार निवडले गेले, पण पहिल्या टप्प्यात ४० जणांनाच पत्रे मिळाली. उरलेल्या ६६ जणांचे निधीच्या उपलब्धतेवर अवलंबून ठेवण्यात आले. विद्यापीठाचे सत्र सप्टेंबरात सुरू होते. जुलैत ‘पैसे असतील तर’ असे सांगणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरात विमानाचे तिकीट कर्जाने काढायचे असते त्यालाच कळते.

पण माझा विषय पैशाचा नाही, मजकुराचा आहे. २०२२-२३ च्या त्याच मार्गदर्शक तत्त्वांत एक नवे कलम आले. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास या विषयांवरच्या संशोधनासाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. या विषयांची साधने आणि जाणकार देशातच भरपूर आहेत, त्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही, असे समर्थन तेव्हा करण्यात आले.

हे कलम वाचताना मला ९ मे १९१६ ही तारीख आठवली. त्या दिवशी कोलंबियात मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. पुढच्याच वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे, आणि ही बंदिस्ती टिकवण्यासाठी विधवेला जाळणे, तिच्यावर सक्तीचे वैधव्य लादणे, मुलीचे बालपणीच लग्न लावणे हे उपाय योजले गेले, असा त्याचा सिद्धान्त आहे. जातीचा प्रश्न आणि स्त्रीच्या दास्याचा प्रश्न एकाच मुळाशी आहेत, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारा हा निबंध आजही आपल्या चळवळीला पुरा पचलेला नाही. या कलमाच्या कसोटीला लावला तर हा विषय बाद होतो. त्यांचा प्राचीन भारतीय व्यापारावरचा प्रबंधही इतिहास म्हणून बाद होतो. बडोद्याच्या राजाने १९१३ साली जे मोकळे ठेवले ते प्रजासत्ताकाने २०२२ साली बंद केले.

साधने इथेच आहेत, या युक्तिवादाला उत्तर द्यायला हवे, कारण वरवर तो खरा वाटतो. साधने इथेच आहेत हे मान्य. साधने १९१६ सालीही इथेच होती. मनुस्मृती न्यूयॉर्कमध्ये लिहिलेली नाही. तरीही तो निबंध न्यूयॉर्कला लिहिला गेला, मुंबईत लिहिला गेला नाही. विद्यार्थी परदेशी पोथ्या शोधायला जात नाही. ज्या खोलीत मार्गदर्शकाची जात आणि आपली जात यांचे नाते आधीच ठरलेले नाही अशा खोलीत बसून विचार करायला तो जातो. जातीला वंशाच्या, वर्गाच्या शेजारी ठेवून बघायला जातो. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या दास्यविमोचकांना अर्पण केली ती याच तुलनेच्या ओढीने. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि तिथल्या काळ्या साहित्याची ओळख औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसराला झाली. जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्यावर मराठीतून लिहिले. १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली ती समुद्रापलीकडच्या पँथरचे नाव घेऊन. स्वतःविषयीचे ज्ञान दूर उभे राहिल्याने वाढते, हा आपल्या चळवळीचा अनुभव आहे. आणि हे दूर जाणे कुणासाठी बंद झाले? ज्याच्या बापाजवळ पैसा आहे तो भारतीय संस्कृतीवर खुशाल ऑक्सफर्डला जाऊन प्रबंध लिहितो. त्याला कुठलेच कलम आडवे येत नाही. म्हणजे भारतीय समाजावर परदेशात संशोधन होतच राहणार आहे. फक्त त्यासाठी सरकारी खर्चाने दलित विद्यार्थी जाणार नाही.

६

आता तो प्रसंग. माझ्या एका विद्यार्थिनीला तिच्या आजीच्या आणि आजीच्या वयाच्या बायकांच्या बाबासाहेबांवरील जात्यावरच्या ओव्यांवर संशोधन करायचे होते. ओवी ही परंपरेची, जाते ते परंपरेचे, आणि त्या चालीवर बाया गातात ते परंपरा मोडणाऱ्या माणसाविषयी. हा पेच तिला उलगडायचा होता. आजी निरक्षर, आई ऊसतोडीला जाणारी. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात मौखिक साहित्याचा चांगला विभाग आहे, तिथून तिला अनुकूल पत्र आले होते. तिने हेतुपत्राचा मसुदा आणून दिला. मी आजवर वाचलेल्या पन्नासांत तो एकच असा होता, ज्यात दगडू आणि दया एका पानावर बसले होते. आजी होती, तिचे गाव होते, जाते होते, मालकाचे नाव होते.

मी कलम वाचलेले होते. मी तिला म्हणालो, “विषय बदल. सार्वजनिक धोरण घे, किंवा स्थलांतरित कामगारांचे आरोग्य घे, तेही इतर देशांशी तुलनेचे. ‘जात’ हा शब्द शीर्षकात नको, पहिल्या पानावरही नको.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सर, वर्गात तुम्हीच शिकवलं की जात लपवणारं लिखाण खोटं असतं.”

मी म्हणालो, “तो वर्ग होता, हा अर्ज आहे.”

हे वाक्य मी बोललो. गेली वीस वर्षे दलित साहित्य शिकवून मी हे वाक्य बोललो. तिने विषय बदलला. घरची परिस्थिती अशी होती की वाट पाहणे परवडणारे नव्हते. नवे हेतुपत्र मीच दुरुस्त केले, आणि खरे सांगायचे तर ते पहिल्यापेक्षा गुळगुळीत झाले. ती गेली. अभ्यास चांगला चालला आहे. माझ्यावर तिचा राग नाही. सणासुदीला फोन करते. आजी मात्र गेल्या हिवाळ्यात वारली. तिच्या ओव्या कुणीच उतरवून घेतल्या नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हँ यांनी महाराष्ट्रभर फिरून हजारो ओव्या जमवल्या, त्यांत बाबासाहेबांवरच्याही आहेत. पण त्या आजीच्या त्यात नाहीत. नातीने त्या गोळा करायच्या होत्या, आणि नात माझ्या सल्ल्याने दुसऱ्याच विषयाकडे वळली होती.

७

माझे काही मित्र म्हणतात, तू भावनेच्या आहारी जातोस. समाजाला आज डॉक्टर हवेत, अभियंते हवेत, अर्थतज्ज्ञ हवेत. ओव्यांवरचे प्रबंध पोट भरत नाहीत. मुलगी विलायतेला पोहोचली हे महत्त्वाचे, कुठल्या विषयाच्या शिडीने पोहोचली हे नव्हे. या म्हणण्यात तथ्य आहे. बाबासाहेबांचा मुख्य विषय अर्थशास्त्रच होता. १९२३ साली लंडनची डी. एस्सी. त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर मिळवली. विज्ञान आणि तंत्र यांच्याकडे आपली मुले अधिक जावीत, असे मलाही वाटते. पण निवड विद्यार्थ्याने करणे आणि निवड त्याच्यासाठी कलमाने करून ठेवणे यांत फरक आहे. अर्थशास्त्र शिकणारे भीमराव त्याच विद्यापीठात जातींवर निबंध वाचू शकत होते. दोन्ही दारे उघडी असल्यामुळे ते ‘ते’ झाले. एक दार बंद केले तर तुम्हाला कुशल माणसे मिळतील. त्यांना स्वतःच्या समाजाविषयी बोलण्याची मुभा मात्र राहणार नाही.

दुसरा आक्षेप माझ्यावरच आहे आणि तो मी मान्य करतो. कलम सरकारचे होते, पण ‘कडवट’ हा शेरा कुणाचा होता? माठ कुणी पुसला? ते कलम येण्याच्या पुष्कळ आधीपासून आम्ही मास्तर मंडळी मुलांच्या लेखनातून कर्ता काढून टाकत होतो, कारण निवड समितीला काय रुचेल याचा अंदाज आम्हीच बांधला होता. समितीने तसे कधी सांगितले नव्हते. शहरांत आता पैसे घेऊन हेतुपत्रे लिहून देणारी दुकाने निघाली आहेत. त्यांना दोष देणे सोपे आहे. आम्ही तेच काम फुकट केले एवढाच फरक. दलित साहित्याने नकाराची भाषा घडवली असे व्याख्यानांत सांगणारा माणूस दुपारी त्याच भाषेला अर्जासाठी इस्त्री करत होता.

तेव्हा काय करावे? पहिली गोष्ट उघड आहे. ते कलम जायला हवे, आणि त्यासाठी विद्यार्थी संघटनांच्या बरोबरीने साहित्य संघटनांनीही बोलायला हवे, कारण हा प्रश्न लेखनाचा आहे. आपल्या संमेलनांत दरवर्षी ठराव होतात, त्यांत हा एक असावा. दुसरी गोष्ट माझ्यासारख्या शिक्षकांची. मुलांना अर्ज लिहिण्याचे तंत्र शिकवू नये असे मी म्हणत नाही. इंग्रजी सुधारावे, विद्यापीठाची नीट माहिती करून द्यावी, मुदती पाळायला लावाव्यात, जामीनदार नसेल तर स्वतः उभे राहावे. पण प्रसंग पुसू नये. मूल जर माठ लिहीत असेल तर माठ राहू द्यावा, आणि तो कुणी फोडला हेही राहू द्यावे. त्याने शिष्यवृत्ती हुकेलच असे नाही. हुकली तरी काय हुकले ते निदान स्पष्ट असेल. तिसरी गोष्ट समीक्षेची. हे मसुदे जपून ठेवावेत. अर्जाला जोडलेला मसुदा नव्हे, त्याच्या आधीचा, खाडाखोडीचा, ज्यात गावाचे नाव आहे तो. या पिढीचे आत्मकथन कदाचित तिथेच आहे.

त्या मुलीचा पहिला मसुदा माझ्या टेबलाच्या खणात आहे. मालकाच्या नावावर मी मारलेली लाल रेघ त्यावर तशीच आहे. परवा फोनवर तिने तो मागितला. आता तिथल्या एका चर्चासत्रात तिला आजीच्या जात्यावर बोलायचे आहे, शिष्यवृत्तीच्या विषयाबाहेर, आपल्या वेळेत. मी तो पाठवतो आहे. रेघेसकट.